रानलव्हाळा मोजणारी चौकट

पहिल्या दिवशी माझ्या शंभर घरांत जे होते ते असे: एकसष्ट घरांत उघडी माती, सत्तावीस घरांत सुकी पाने, आठ घरांत झाडाची वर आलेली मुळे, तीन घरांत खडे आणि एका घरात शर्टाचे बटण. हिरवे घर एकही नव्हते.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि मध्ये काहीच नाही. माझ्या चारही पट्ट्यांवर दर दहा सेंटीमीटरला एक खिळा आहे. त्या खिळ्यांमधून आडवी-उभी सुतळी ओढली की माझ्या पोटात शंभर घरे तयार होतात. मला जमिनीवर टाकायचे आणि कोणत्या घरात काय आहे ते मोजायचे, एवढेच माझे काम.

एका सुताराने मोडक्या खिडकीच्या लाकडातून मला आपल्या लेकीसाठी घडवले. लेक वनस्पतिशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडली होती आणि वाचनालयात पुस्तके लावण्याचे काम करत होती. जिन्याच्या पायऱ्या, ताटातले वाटाणे, समोर येईल ते ती लहानपणापासून मोजायची. म्हणून घरीदारी तिला सगळे मोजणीच म्हणत. सुताराने काटकोन तपासायचा गुण्या लावून माझे चारही कोपरे पाहिले, मग मला उभी धरून माझ्यातून लेकीकडे पाहिले.

"जन्मभर चौकटी केल्या. पण हिला ना दार, ना खिडकी. हिला लावायची कुठे?"

"लावायची नाही, आप्पा. टाकायची."

"म्हणजे केली आणि टाकली. बरं आहे."

असे म्हणाला खरा, पण माझ्या कडांवरून त्याने पॉलिश पेपर तीनदा फिरवला. तिच्या बोटात लाकडाचे कुसळ जाऊ नये म्हणून.

वाचनालयाच्या मागे पस्तीस चौरस मीटर अंगण होते आणि त्यात तीन जुनी, डेरेदार झाडे. त्यांची सावली इतकी दाट की खाली गवताची काडी टिकत नसे. कोरड्या दिवसांत तिथली धूळ खिडकीतून आत येऊन पुस्तकांवर बसे. पावसात तिथलाच चिखल वाचकांच्या पायांनी जिना चढे. पुस्तके पुसून पुसून व्यवस्थापक कंटाळले होते. अंगणात फरशी बसवायचे त्यांनी ठरवले आणि फरशांची थप्पी भिंतीला लागूनही गेली.

त्या थप्पीच्या काळजीने वाचनालयाच्या माळीकाकांचा जेवणाचा डबा भरलेलाच घरी परत जाऊ लागला. ती झाडे त्यांनी तीस वर्षे जपली होती. फरशीखाली मुळे गुदमरतील हे त्यांना पुस्तकाशिवाय कळत होते. गवत मात्र त्यांनी तीनदा पेरले होते आणि तिन्ही वेळा ते पिवळे पडले होते.

"सावलीत गवत लावणं म्हणजे पाण्यात दिवा लावणं," ते मोजणीला म्हणाले.

"मग गवत नकोच, काका. रानलव्हाळा लावू."

रानलव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. आपल्याच रानात मोठ्या झाडांखाली तो आपसूक वाढतो. त्याची बारीक, लांब पाने एकमेकांवर झुकून माती झाकतात आणि खाली मुळांची जाळी तिला धरून ठेवते. मोजणीने हे सगळे व्यवस्थापकांना सांगितले.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"दोन वर्षं."

"आणि नाहीच वाढलं तर?"

"निम्मी जमीन झाकली नाही तर फरशी बसवा. मीच उचलून देईन."

"निम्मी आहे की नाही ते कोण ठरवणार? तू?"

"मी नाही, साहेब. ही," असे म्हणून तिने मला पुढे केले. मित्रांनो, आयुष्यात इतकी जबाबदारी माझ्यावर कुणी टाकली नव्हती.

गावाबाहेर रस्ता रुंद होणार होता. तिथल्या झाडीतून परवानगी घेऊन रानलव्हाळ्याचे चाळीस गड्डे आणले. एकेका गड्ड्याचे सहा भाग करून मोजणीने दोनशे चाळीस रोपे सव्वा फुटाच्या अंतराने लावली. रोपाचा गाभा मातीच्या पातळीवर राहील इतकेच खोल, आणि भोवती सुक्या पानांचा थर. चार महिन्यांत रोपांना फुटवे आले. जी जास्त जोमात होती त्यांनी फुलोऱ्याच्या काड्याही वर काढल्या.

तेवढ्यात मोजणीला नोकरीच्या परीक्षेसाठी आठवडाभर परगावी जावे लागले. माळीकाकांना वाटले, पोरीचे काम आपण चोख ठेवू. त्यांनी भल्या सकाळी वाफ्यात बैठक मारली आणि दुपारपर्यंत वाफा साफ केला. ती आली तेव्हा थप्पीशेजारी हिरवा ढीग पडला होता आणि काका अभिमानाने उभे होते.

"तुझ्या रोपांत मोथा शिरला होता, पोरी. एकही सोडला नाही."

मोथा म्हणजे माळ्यांचा सातजन्मीचा वैरी. उपटला तरी जमिनीतल्या गाठीतून पुन्हा उगवतो. मोजणी ढिगाजवळ बसली आणि मोजू लागली. त्र्याण्णव रोपे होती.

"काका, मोथा कशावरून ओळखलात?"

"हे काय विचारणं झालं? बोटांत काडी फिरवायची. गवताची काडी गोल लागते, मोथ्याची तीन धारांची. आमच्या वडिलांनी शिकवलंय."

"बरोबरच शिकवलंय. लव्हाळ्याची काडीही तीनच धारांची असते. ते दोघं एकाच कुळातले." तिने एक रोप उलटे करून त्यांच्या हातात दिले. "पण याला खाली गाठ आहे का, बघा."

काकांनी मुळांतली माती झटकली. मग दुसरे रोप पाहिले. मग तिसरे. गाठ कुठेच नव्हती. जी सगळ्यांत जोमदार होती, काडीपर्यंत पोचली होती, नेमकी तीच त्यांनी वेचून वेचून उपटली होती.

त्यांनी हातातले रोप अलगद खाली ठेवले. "तीस वर्षं या झाडांना पाणी घातलं, आणि फरशी मीच बसवली म्हणायची."

"अजून मुळं ओली आहेत, काका. गोणपाट आणा."

पुढचे दोन तास जे पाहिले ते मी विसरणार नाही. मोजणी चाकूने गड्डा कापायला लागली तेव्हा काकांनी तिचा चाकू बाजूला ठेवला. पाण्यात गड्डा हलवून त्यांनी नुसत्या अंगठ्याच्या नखाने फुटवा फुटव्यापासून सोडवला, एकही मूळ न तोडता. कॉलेजात ही विद्या कुणी शिकवत नाही. त्र्याण्णव रोपांची दोनशे सहा झाली. त्यांतली एकतीस पुढे सुकली, उरलेली एकशे पंच्याहत्तर लागली. काका रोज त्यांच्यावर पाणी शिंपडत आणि कुणी जवळ आले की म्हणत, "बघा, पण हात लावू नका. मला विचारा, हात लावल्यावर काय होतं ते."

मी मात्र या काळात अवजारांच्या खोलीत खुंटीला लटकून होते. उंदरांनी माझी सुतळी कुरतडली. माझ्यावर ओली गोणपाटे वाळू लागली. एका पावसाळ्यात माझा एक कोपराही सैल झाला. दोन वर्षे सरून मोजायचा दिवस आला तेव्हा सुताराने स्वतः येऊन माझ्या कोपऱ्यात पाचर ठोकली, नवी सुतळी ओढली आणि पुन्हा गुण्या लावला. "चौकट वाकडी तर हिशेब वाकडा," तो म्हणाला.

काका मोजणीच्या कानाशी लागले. "त्या मधल्या झाडाकडे टाक. तिकडे दाट आहे."

"मी टाकणारच नाही, काका." तिने मला व्यवस्थापकांच्या हातात दिले. "साहेब, दर खेपेला जागा बदला. अंगणाकडे पाठ करा आणि मागे फेका. दहा वेळा."

व्यवस्थापकांनी चष्मा खिशात ठेवला आणि मला डोक्यावरून भिरकावले. पहिल्यांदा मी पानांत इतकी मऊ पडले की आवाजच झाला नाही. मोजणीने मोजले, ब्याऐंशी घरे हिरवी. दुसऱ्यांदा सत्त्याहत्तर. चौथ्यांदा मी बाकाशेजारी पडले, जिथे वाचकांच्या पायांनी जमीन दगड झाली होती.

"ही धरू नकोस. हा तर रस्ताच आहे," काका कळवळून म्हणाले.

मोजणीने सुतळीवरून बोट फिरवत शंभर घरे मोजली आणि वहीत नऊ लिहिले.

दहावी फेक झाली. व्यवस्थापक थप्पीवर वही ठेवून बेरजेला बसले आहेत. तेवढ्या वेळात तुम्हाला एक सांगते, मित्रांनो. ओळखीची खूण दिसली तरी उपटण्याआधी एकदा मुळाशी पाहा. चुकलात तर मुळे ओली असेपर्यंत कबूल करा. आणि तुमच्या घरी एखादी जुनी मोजपट्टी, तराजू किंवा माझ्यासारखी चौकट असेल तर तिच्यावर ओली गोणपाटे टाकू नका. कुणाचे तरी अंगण कधीतरी तिच्या भरवशावर असते.

व्यवस्थापकांनी बेरीज दोनदा केली आणि वहीत खाली लिहिले: दहा फेकी, हिरवी घरे सहाशे वीस. सरासरी शंभरात बासष्ट.