काटकोनांची काच

काचेवर पाणसळ ठेवून काटकोन एक डोळा मिटून बघत होते. बुडबुडा बरोबर मध्यावर थांबला, तशी त्यांची कळी खुलली.

"बघ. केसाइतकी इकडे नाही की तिकडे नाही!" ते बायकोला म्हणाले.

जन्मभर त्यांनी तसबिरींना चौकटी बसवल्या. कुणाकडे गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग खुर्चीला पाठ टेकणार. गल्लीत त्यांचं नाव काटकोन पडलं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

गच्चीवरची पेटीही तशीच बेतलेली. तळाला काळ्या रंगाचा पत्र्याचा ट्रे, त्यात विहिरीचं खारं पाणी, वर काच, एका कडेला पन्हळ आणि तिच्याखाली बरणी. उन्हानं वाफ व्हायची, काचेला थेंब लागायचे आणि गोडं पाणी बरणीत उतरायचं, असा बेत होता.

विहीर खारी झाल्यापासून बायकोचं ब्लडप्रेशर चढलं होतं. डॉक्टरांनी ते पाणी बंदच केलं. विकतचा जार जिन्यावरून चढवताना काटकोनांची कंबर धरली. मग लेकीनं फोनवर निकालच दिला. रविवारी ती टेम्पो घेऊन येणार, आणि तोवर पाण्याची सोय झाली नाही तर दोघांनी निमूट तिच्याकडे राहायला जायचं. हे घर सोडायचं म्हटलं की बायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शुक्रवारी ऊन मी म्हणत होतं. काच थेंबांनी भरून गेली, पण दुपार कलली तरी बरणी कोरडी ठणठणीत.

"संपलं," म्हणत ते मटकन बसले. "माप तर बिनचूक आहे गं."

बायको वाकून बघत राहिली. थेंब फुगत होते आणि जिथल्या तिथे परत ट्रेमध्ये पडत होते.

"अहो, भाताचं झाकण सरळ उचललं की पाणी परत भातात पडतं. तिरकं धरलं की कडेनं ओघळतं. ही काच जरा वाकडी करा ना."

"वाकडी?" तिनं शिवी दिल्यासारखे ते दचकले.

"माझ्याशी संसार केलात आणि वाकड्याला भिता?"

त्यांनी पाणसळ खिशात टाकली. करवत घेतली आणि, आयुष्यात पहिल्यांदा, तिरकं कापत पेटीच्या बाजू पन्हळीकडे उतरत्या केल्या.

शनिवारी उन्हं तापली आणि एक थेंब काचेवरून घरंगळत पन्हळीत गेला. त्याच्यामागे दुसरा. मग रीघच लागली.

"अहो, आलं! आलं हो पाणी!" बायको एवढ्यानं ओरडली, की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

रविवारी लेक काखेत रिकामी खोकी घेऊनच गच्चीवर आली. बापानं पेला पुढे केला. तिनं एक घोट घेतला, मग सगळा पेला रिकामा केला.

"अजून आहे?"

"हवं तेवढं पी. दुसरी पेटीही करायला घेतलीय."

तिची नजर काचेवर गेली.

"बाबा, तुमची काच वाकडी बसलीय?"

"वाकडीच आहे," काटकोन ताठ मानेनं म्हणाले. "मुद्दाम बसवलीय."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. समासाची रेघ तिरकी आली म्हणून याच माणसानं तिच्या वहीचं पान फाडलं होतं. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तिनं खोकी खाली ठेवली आणि कठड्यावरून वाकून हाक दिली,

"दादा, रिकामेच जा! इथून काही न्यायचं नाहीये."