चौदा नंबरची नळी

"गायीचं नाही हो, म्हणून तर तुम्हाला बोलावलं," मशीनवाला खुर्ची मागे सरकवत म्हणाला. "गायीचं असतं तर म्हटलं असतं, कुणीतरी चहाचा कप घेऊन आत आलं. हे माणसाचं आहे."

तिने मशीनच्या पडद्याजवळ तोंड नेलं. चौदा नंबरची नळी. कोकराच्या मांडीच्या स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा तिनेच गोठवला होता, तिनेच खलून विरघळवला होता. मशीन त्यातल्या प्रथिनांची हजेरी घ्यायचं. खाल्लेल्या चाऱ्याची ताकद करणारी कोणती, नुसती बसून राहणारी कोणती, सगळी नावानिशी. माणसाच्या केसाकातडीचं प्रथिन त्या हजेरीत नेहमीच घुसायचं आणि त्याला कुणी हटकत नसे. आज त्याच्याखाली एक नवीन पाहुणा होता. केसिन. दुधातलं प्रथिन, तेही आईच्या.

त्या इमारतीत अंगावर पाजणारी बाई एकच होती.

मशीनवाल्याची नजर कीबोर्डवरून हलेना. तिला मंगळवार आठवला. सासूबाईंचा फोन आला होता, "पोरगी बाटलीला तोंड लावत नाहीये, काय करू?" मागून ते रडणं. फोन ठेवून ती परत आली, नवे हातमोजे घातले, खलायला घेतलं, आणि पान्हा फुटला. तिने सवयीने छातीवर मनगट दाबून धरलं, मनातल्या मनात वीस मोजले, आणि पुन्हा खलायला लागली. ओली बाही तिच्या ध्यानातही आली नाही. जिला घराचं कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तिच्या!

"मी ती ओळ उडवतो," मशीनवाला हळूच म्हणाला. "कुणाच्या बापाला कळायचं नाही."

क्षणभर तिला ते फार बरं वाटलं. रजेवरून परतली तेव्हा तिला नोंदींचं टेबल देऊ केलं होतं. "लहान मूल आहे, आरामाचं काम बरं," सगळे प्रेमाने म्हणाले होते. तिने हट्टाने तुकडे खलायचा आपला ओटा परत मागून घेतला होता. आता कुठल्या तोंडाने त्यावर हक्क सांगणार?

पण ओळ उडवली तरी केसिनने खाल्लेली जागा थोडीच भरून येणार होती? बाकीची प्रथिनं दबलेलीच दिसली असती. आणि चौदा नंबर म्हणजे आबांचा लबाड. कोकरं सांभाळणारे आबा त्याला त्याच नावाने हाक मारायचे, कारण तो सगळ्यांत कमी खायचा आणि अंगाने सगळ्यांत जास्त भरायचा. थोड्या चाऱ्यावर हे याला जमतं कसं, हे शोधायलाच तर सगळा खटाटोप. आणि कागदावर तोच आळशी ठरणार.

"राहू दे ती ओळ," ती म्हणाली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या खोलीकडे चालू लागली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. फोनपासून ओल्या मनगटापर्यंत.

"तुकडे काढायचा आठवडा गेला. आता पुन्हा तुकडा कुठून आणायचा?"

"आहे, मॅडम. मी प्रत्येक तुकड्याचे दोन करते. दुसरा टाकीत गोठवलेला आहे, न खललेला."

"एकच ठेवायचा असं ठरलंय ना आपलं?"

"हो. पण मला मग झोप लागत नाही."

मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. तीच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर मी नोंदींच्या टेबलावर…"

"आणि तुकडे कोण करणार, मी? मला नळीवरचा नंबर दिसत नाही." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "अकराला आणि तीनला माझी खोली मोकळी असते. दाराला आतून कडी आहे. माझ्या वेळी मी संडासात उभी राहून दूध पिळून टाकायचे. पाण्याबरोबर वाहून जाताना बघायचे."

ती दाराकडे वळली. "कोट मात्र रोज दोन आणा," मॅडम म्हणाल्या.

दुसरा तुकडा गुरुवारी मशीनवर चढला. पाहुणा नव्हता. ताकदवाल्यांच्या रांगेत लबाड सगळ्यांच्या पुढे होता.

"मी सांगत होतो!" आबा गोठ्यातून ओरडले. "तुमच्या मशीनला आज कळलं होय?"

घरी ती पोरीला घेऊन बसली, तशा सासूबाई नेहमीसारख्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "पुरतंय का गं तिला? मला आपलं वाटतं, दूध कमी झालंय तुझं."

महिनाभर या एका प्रश्नाने तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. आज तिला हसू फुटलं. "कमी? अहो आई, मशीनला सापडलं!" आणि तिने सगळं सांगितलं.

सासूबाईंनी गंभीरपणे विचार केला. "म्हणजे मेंढीच्या लेकरालाही पाजून आलीस म्हण की."

दोघी इतक्या हसल्या की पोरगी दचकून थांबली, दोघींकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागली. तिची इवलीशी पोटरी आईच्या तळहातावर होती. प्रत्येक घोटाबरोबर तिथला स्नायू घट्ट व्हायचा, सैल पडायचा. आज तिने घोट मोजले नाहीत.