कानापाशी राहिलेला पांढरा पट्टा

मी एक ट्यूब बोलतेय. दात घासायची नव्हे. त्या समजापायी एकदा मला ब्रशवरही घेतलं गेलंय, पण ते पुढे येईल. उन्हापासून चेहरा सांभाळणारं क्रीम माझ्या पोटात असतं. असायचं, म्हणू या. सध्या माझं पोट कात्रीने उभं कापलेलं आहे, त्यामुळे आवाज जरा पसरट येईल. सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. टोपणावर डोकं टेकवून, शेपटी उघडी ठेवून आम्हा बहिणींना रांगेत उभं केलं, वरून क्रीम भरलं आणि गरम चिमट्याने शेपटी दाबून टाकली. शेवटची तारीख तिथेच अंगावर छापली. माणसांच्या पाठीवर अशी तारीख छापली असती, तर त्यांनी ती वाचायला आरसे लावण्यातच आयुष्य काढलं असतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आम्हाला भीती एकच, भरल्या पोटी ती तारीख गाठायची. आमच्यात त्याला नामुष्की म्हणतात.

तिथून मी एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या काचेच्या कपाटात आले. कपाटासमोर एक खुर्ची, खुर्चीशेजारी लेझरचं मशीन. मशीन दिसायला कपडे धुण्याच्या मशीनसारखं, फक्त त्याला एक लांब सोंड. सोंडेच्या टोकातून उजेड निघतो आणि आवाज येतो, टक. पहिल्या टकला मी दचकले. खरं सांगायचं तर पुढच्या प्रत्येक टकलाही दचकले. सवय म्हणतात ती मला कधी झालीच नाही.

त्या खुर्चीत बसणारी माणसं दोन गोष्टी हमखास बोलत. पहिली, "मला दुखण्याचं काही नाही हो," आणि लगेच खुर्चीचे हात घट्ट पकडत. दुसरी, "उन्हात तर मी जातच नाही." हे सांगताना मनगटावर घड्याळाच्या जागेचा गोरा पट्टा लख्ख दिसत असे. डॉक्टरीणबाई मनगटाकडे बघत आणि मशीनची सोंड उचलत.

एके दिवशी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे नोकरी करणारी, गाडी चालवायला शिकवणारी. घरी तिला मास्तरीणच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. समोरून ट्रक आला तरी शिकणाऱ्याला शांतपणे "ब्रेक, हळू" म्हणणारी ही बाई त्या खुर्चीत मात्र अंग चोरून बसली होती. नाकावर आणि दोन्ही गालांवर तपकिरी ठिपके. सोबत तिचे बाबा. ते रस्त्यावर पांढरे पट्टे आखतात. नखांत पांढरा रंग आणि तोंडावर हुबेहूब तेच ठिपके, फक्त अंमळ जास्त भाजलेले.

"कधीपासून आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शाळेपासून. मुलं शिंतोडी म्हणायची. बाबा रंगारी, म्हणून."

"माझ्याच ब्रशचे आहेत," बाबा हौसेने म्हणाले. "लहानपणी मी तिला तसंच सांगायचो."

मास्तरीण बाबांकडे न बघता म्हणाली, "डॉक्टर, दोन महिन्यांनी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर माझा फोटो लागणार आहे. गाडीएवढा. म्हणजे एकेक ठिपका बशीएवढा दिसेल. तोपर्यंत जातील ना?"

"जातील. पण ते उन्हाने आलेत, ऊन दिसलं की परत येतील. अर्धं काम माझं, अर्धं तुझं."

मग तिचे डोळे झाकले आणि टक, टक सुरू झालं. चेहऱ्यावर रबर ताणून सोडल्यासारखं वाटतं, असं माणसं सांगतात. खोलीत केस जळल्यासारखा बारीक वास आला. बाबांना बाहेर बसवलं होतं, पण दर टकला दाराच्या काचेवर त्यांचं नाक दिसत होतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला कपाटातून काढलं. "खपल्या पडेपर्यंत फक्त हे मलम लावायचं. खाजवायचं नाही, सोलायचं नाही, नुसतं पाणी मारून टिपायचं. खपल्या पडल्या की ही ट्यूब. दोन बोटांच्या लांबीएवढी रेघ, दिवसातून तीनचार वेळा. सहा आठवड्यांनी ये आणि ट्यूब घेऊन ये. मी चेहरा मागाहून बघते, आधी ट्यूब बघते. ती रिकामी असली पाहिजे."

मला इतका आदर याआधी कुणी दिला नव्हता. मी मास्तरणीच्या पर्समध्ये छाती फुगवून बसले.

पहिल्या आठवड्यात घरात हाहाकार. ठिपके जायच्या ऐवजी काळे झाले, कॉफीची भुकटी उडाल्यासारखे. ते तसेच होतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण आईने ऐकलं नव्हतं.

"काढायला गेलीस की भरून आणलेस?" आई म्हणाली. "थांब, लिंबू चोळते."

"आई, लिंबाला हात लावलास तर मी घर सोडून जाईन."

"पहिला हात मारलाय नुसता," बाबा पेपरातून म्हणाले. "दुसरा बसला की चकाचक."

मास्तरीण सुट्टी घेऊन घरात बसली. खाज सुटली की ती चक्क स्वतःच्या हातांवर बसायची. आठव्या दिवशी तोंडावर पाणी मारताना खपल्या बेसिनमध्ये पडल्या आणि खालून कोवळा, साफ चेहरा निघाला. ती आरशासमोरून हलेना. मागे बाबा ब्रश घेऊन नंबर लावून उभे. एका आरशात दोन तोंडं. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे, आणि दात न घासताच बाहेर गेले. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. मला ते जाणवलं, पण अर्थ लागला नाही.

आता माझी पाळी होती. पहिल्या सकाळी मास्तरणीने सांगितल्याप्रमाणे दोन बोटांएवढी रेघ काढली आणि कामावर गेली. गाडीत शिकायला येणाऱ्या काकूंनी दार उघडलं आणि थबकल्या. "काय गं, पिठाच्या डब्यात पडलीस का?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून वाटाण्याएवढं क्रीम, तेही सकाळी एकदाच. दिवसभर मी पर्समध्ये किल्ल्यांशेजारी टोपण मिटून पडून. दुपारी मी मनातल्या मनात म्हणत असे, अगं, काढ मला, खिडकीकडचा गाल तापलाय. पण तिचं ठरलेलं उत्तर होतं. हेच ती काकूंनाही सांगायची: "गाडीत कसलं ऊन? काच आहे की." काचेतून ऊन आत येतं. काचेला काय, ती सगळ्यांना आत घेते.

तिचं एक मात्र चुकत नसे. दर सिग्नलला आतला आरसा स्वतःकडे वळवून गाल तपासायचा.

"काकू, आरशात बघत चला, मागे रिक्षा आहे."

"कशी बघू? आरशात तूच आहेस," काकू म्हणाल्या.

या हिशेबाने मी तारीख उलटेपर्यंत पुरले असते. पण मी बारीक होत चालले होते, आणि झपाट्याने. कारण घरात माझं दुसरं एक गिऱ्हाईक निघालं होतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी बाबा उठायचे. मला हातभर लांब धरून माझ्यावरची बारीक अक्षरं वाचायचे. मग नाकावर एक पट्टा, दोन गालांवर दोन पट्टे, रस्त्यावर मारतात तसे सरळ. रेघ दोन बोटांची, अगदी मापात. नंतर खसाखसा चोळायचे आणि घाईत कानापाशी थोडं तसंच राहायचं. दुपारचं जेवायला घरी आले की, मास्तरणीची सुट्टी असेल त्या दिवशी, पुन्हा एकदा. संध्याकाळी आई म्हणायची, "कानाला रंग लागलाय, धुवून तरी येत जा." बाबा मुकाट कान धुवायचे. तीस वर्षं जो माणूस पांढरा होऊन घरी येतो, त्याच्या कानावरचं पांढरं कोण तपासणार?

मास्तरणीला माझी तब्येत खालावलेली दिसली. "आई, ही ट्यूब तू वापरतेस का?"

"मला काय करायचीय? एकदा चुकून ब्रशवर घेतली होती, दिवसभर जीभ लुळी पडल्यासारखी वाटली. त्याला महिना झाला."

"मग हवेने आटत असेल," मास्तरणीने निकाल दिला. माणसांचं एक बघितलंय. योग्य माणसाला एक प्रश्न विचारण्यापेक्षा ती हवेवर विश्वास ठेवतात.

सहा आठवडे झाले. फोटो दोन दिवसांवर आलेला. बापलेक पुन्हा त्या खोलीत. डॉक्टरीणबाईंनी म्हटल्याप्रमाणे आधी मला हातात घेतलं, दाबून पाहिलं, शेपटीपर्यंत चपटी. "शाब्बास. अशी पेशंट शंभरात एक."

मास्तरीण जमिनीकडे बघत राहिली.

मग डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला. नाक साफ. एक गाल साफ. दुसऱ्यावर दिवा थांबला. "हे काय? पाच जण परत आलेत. या बाजूला गाडीची खिडकी येते का?"

"हो," मास्तरीण इतकं हळू म्हणाली की दिव्यालाही ऐकू गेलं नसेल.

"क्रीम लावूनही? मग एवढं क्रीम गेलं कुठे?"

बाबा एकाएकी मशीनची सोंड निरखू लागले. त्यामुळे त्यांचा कान उजेडात आला.

"तुमच्या कानाला काय लागलंय?"

"रस्त्याचा रंग असेल," मास्तरीण म्हणाली. "रोजच असतो."

डॉक्टरीणबाईंनी ओला कापूस फिरवला. पांढरं अलगद कापसावर आलं. "रस्त्याचा रंग असा एका पुसण्यात निघाला असता, तर यांना कामावर कुणी ठेवलं नसतं."

मास्तरीण बाबांकडे बघतच राहिली. "बाबा, तुम्ही?"

"महिन्यावर झालं लावतोय," बाबा म्हणाले. आवाजात तक्रार होती. "एक ठिपका हलला नाही."

"पण तुम्हाला कशाला घालवायचेत? तुमचे तर लाडके ना?"

बाबा नखातला रंग कोरू लागले. "आधी तुला बरोबर नेलं की कुणाला सांगावं लागायचं नाही. तोंड बघून कळायचं, ही माझी. आता पाटीवर एवढी मोठी लागशील, आणि मी खाली पट्टे मारत असेन. म्हटलं, तुझे गेले तर आपलेही जाऊ देत. पुन्हा जुळेल."



"हिने घालवता येत नाहीत," डॉक्टरीणबाई मला दाखवत म्हणाल्या. "हिने सांभाळायचं असतं. पण तुम्ही सोडू नका, दिवसभर उन्हात तुम्हीच असता." मग मास्तरणीला, "आणि तू किती लावत होतीस?"

"वाटाण्याएवढं. पीठ दिसतं म्हणून."

"म्हणजे लेझर तुझ्यावर आणि पथ्य यांच्यावर. दोघांचा मिळून एक पेशंट झाला असता." डॉक्टरीणबाई आपल्या खुर्चीत मागे टेकल्या. "लगेच पुन्हा मशीन लावणार नाही. त्वचेला जरा वेळ देऊ. फोटो आहे तसाच काढ."

दोन दिवसांनी फोटोवाल्याच्या खोलीत मी पर्समधून सगळं बघत होते. त्याने फोटो पडद्यावर मोठा केला. खिडकीकडच्या गालावर पाच ठिपके. "पुसून टाकू ताई? मिनिटभराचं काम."

"पुसा की," बाबा घाईने म्हणाले. "तिला नकोत ते."

मास्तरीण पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तीन पुसा. दोन राहू द्या. कुणाची पोर आहे ते कळायला तेवढे पुरेत."

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पाटी लागली. दोन ठिपके खरंच बशीएवढे दिसतात म्हणे. बाबा पाटीखालून जाताना कुणी विचारलं नाही तरी सांगतात, ही माझी.

मी बेसिनच्या फळीवर आहे, पोट उघडं टाकून. शेजारी दोन नव्या ट्यूब उभ्या आहेत. एकीच्या अंगावर बाबांनी रस्त्याच्या रंगाने पट्टा मारलाय, म्हणजे घोटाळा नको. आज सकाळी मास्तरणीने माझ्या कोपऱ्यातून शेवटचं क्रीम बोटावर निपटून घेतलं, अर्धं स्वतःच्या खिडकीकडच्या गालाला लावलं आणि म्हणाली, "बाबा, इकडे या. कानापाशी राहतं तुमच्या."

मी रिकामी झाले. कचऱ्याची गाडी यायला अजून वेळ आहे, म्हणून एवढं सांगून घेते. तुमच्याही फळीवर माझी एखादी बहीण जाडजूड उभी असेल. तिला जपू नका. पीठ दिसलं तर दिसू द्या. आणि ती आपोआप बारीक होत असेल, तर हवेला दोष द्यायच्या आधी घरातल्यांचे कान बघा.