यजमानांचा तीन

मी एक जुना तीन आहे. मित्रांनो, दचकू नका. आपली जीवनकथा सांगायला खुर्ची, छत्री, वडाचं झाड अशी भारदस्त मंडळी पुढे येतात, हे मला ठाऊक आहे. आकड्याला कोण विचारतं? पण मी वहीतला आकडा नाही. मी पत्र्याचा आहे, हातभर उंच आहे, माझ्या डोक्यात एक भोक आहे, आणि शाळेच्या मैदानावरच्या गुणफलकाला त्या भोकातून लटकणं हा माझा धंदा आहे. निदान तसा बेत होता.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला घडवलं. माझा पत्रा नवा नव्हता. तो पूर्वी कसली तरी पाटी होता. माझ्या पाठीवर अजून ‘येथे’ एवढा एकच शब्द वाचता येतो. येथे काय, ते पुढच्या तुकड्यावर गेलं. ते काय होतं, मला माहीत नाही.

शाळेने आकड्यांचे दोन संच सांगितले होते. शून्यापासून नऊपर्यंत लाल, ते यजमानांचे, म्हणजे आपल्या शाळेच्या फुटबॉल संघाचे. शून्यापासून नऊपर्यंत निळे, ते पाहुण्यांचे. काम सांगायला शाळेचे भांडारवाले काका आले होते. पेंटरला संघाची कीर्ती माहीत असावी. त्याने विचारलं, “लाल नऊ खरंच लागणार आहे का हो?”

“संच म्हणजे संच,” काका म्हणाले. “तुम्ही रंगवा. लागतो की नाही ते पोरांनी बघायचं.”

पेंटरने माझ्यावर जीव ओतला. “तीन काढणं म्हणजे चेष्टा नाही,” तो बायकोला सांगत होता. “वरचं पोट लहान, खालचं मोठं, आणि शेपटी अशी पाहिजे की वाटावं, आता हा उठून चालायला लागेल.”

बायकोने मान तिरकी करून बघितलं. “तुमच्यावरच गेलाय,” ती म्हणाली. “शेपटी सोडून.”

माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. दुसरं यायला फार वेळ लागला.

शाळेत आल्यावर आम्हा लाल आकड्यांना एका लाकडी पेटीत उभं ठेवलं. सामन्याच्या दिवशी झाकण उघडायचं, हात आत यायचा, आणि शून्याला घेऊन जायचा. शून्य कायम कामावर. एक कधीमधी बाहेर जाऊन यायचा आणि पुढे महिनाभर त्याच गप्पा सांगायचा. दोन एकदाच जाऊन आला. माझ्यापासून पुढे मात्र कोणाला ऊन लागलं नाही. माझ्या पाठीला पाठ लावून सहा उभा होता. लोक आमच्या नावाने भांडणं ओळखतात, छत्तीसचा आकडा म्हणतात. पण पेटीतल्या त्या अंधारात मला टेकायला जी एक पाठ होती, ती सहाचीच.

मग एका वादळी दुपारी पाहुण्यांचा निळा तीन खिळ्यावरून उडाला आणि फाटकाबाहेर पडला. त्याच्यावरून शाळेची बस गेली. काकांनी तो दुमडलेला पत्रा उचलून मोठ्या बाईंपुढे, म्हणजे मुख्याध्यापिकांपुढे ठेवला.

“नवीन करून घ्यायचा का?” काकांनी विचारलं.

“आपल्या पेटीत तीन असेल ना?”

“आहे की. कोरा करकरीत.”

“मग तोच निळा करा. आपल्याला कुठे लागतोय?”

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्या काटकसरी होत्या, आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. माझी अडचण तीच होती. अन्याय झाला असता तर मला रडता आलं असतं. फाटकाला लावून उरलेला निळा रंग काकांनी माझ्या लाल अंगावर फासला. शेपटी जरा जाड झाली. मी पाहुणा झालो.

आता मी कामावर जाऊ लागलो. आमचं मैदान मोठं असल्यामुळे आसपासच्या सगळ्या शाळा खेळायला आमच्याकडेच यायच्या. शिवाय आमच्याकडे जिंकायची सोय उत्तम होती. मी खिळ्यावर चढलो की पाहुण्यांचे आईबाप उभे राहून टाळ्या वाजवायचे. मित्रांनो, आयुष्यात मला टाळ्या भरपूर मिळाल्या. सगळ्या परक्यांच्या. आणि त्याच वेळी खाली, मैदानात, लाल शर्टातली आमची पोरं एकेक करून माझ्याकडे बघायची आणि बुटांची नाडी बांधायला वाकायची. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अरे, मी तुमचाच आहे. पण पत्र्याला वारा असेल तेव्हाच बोलता येतं, आणि तेव्हाही तो नुसता खडखडतो.

फलकाची जबाबदारी गणिताच्या सरांकडे होती. आकड्यांचा विषय त्यांचा, एवढंच कारण. सर स्टुलावर चढायचे, आकडा लावायचे, उतरायचे आणि पुन्हा वह्या तपासायला बसायचे. गोल झाला की आधी हातातलं उदाहरण पुरं करायचे, मग उठायचे.

फलकाजवळच्याच गोलपोस्टात आमची कप्तान उभी असायची. चौथीतली मुलगी. चष्मा रबराच्या पट्टीने डोक्याला बांधलेला, म्हणून तिचं नावही चष्माच पडलं होतं. गोलकीपरचं काम एकटेपणाचं. बाकीचे दहाजण चेंडूमागे दूर जायचे, आणि इकडे ती, सर आणि मी. खेळ दूर गेला की ती पाठमोऱ्या सरांशी बोलायची.

“सर, आपण कधी जिंकलो होतो?”

“मी या शाळेत यायच्या आधी.”

“तुम्ही कधी आलात?”

“केस होते तेव्हा.”

त्या वर्षीचा मोसम सुरू होण्याआधी मोठ्या बाईंनी संघाला आवारात उभं करून सांगितलं होतं, “बाळांनो, खेळ चांगलाच असतो. पण या मोसमात निदान एक तरी गुण मिळवा. सामना बरोबरीत सुटला तरी चालेल. नाहीतर पुढच्या वर्षीपासून फुटबॉलचा तास हस्तकलेला देऊ. क्रेपच्या फुलांना कोणी हरवत नाही.”

पोरांनी ते मनावर घेतलं. पाहुण्यांनी नाही घेतलं. मोसम पुढे सरकत गेला, शाळा येत गेल्या, जिंकून बसमध्ये गाणी म्हणत जात राहिल्या. मी प्रत्येक सामन्यात खिळ्यावर चढलो. काही वेळा मला उतरवून चार, पाच चढले. एकदा आठ चढला आणि भलताच खूश झाला. आमच्या बाजूला शून्य.

पण उन्हातान्हात लटकून माझ्या अंगाचा निळा रंग सुटायला लागला. फाटकाचा रंग तो, त्याला आकड्याची सवय नव्हती. मोसमातला शेवटून दुसरा सामना हरल्यावर चष्मा फलकाखाली आली. बाकीचे पाणी प्यायला गेले होते. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि माझ्या पोटावरची एक पापुद्री नखाने उचकटली.

“सर, हा लाल आहे.”

“कोण?”

“हा तीन. आतून लाल आहे. आपला आहे हा.”

सरांनी वहीतून मान वर केली. “असेल. लागत नव्हता म्हणून दिला असेल त्यांना.”

तिने उचकटलेली पापुद्री थुंकी लावून पुन्हा माझ्या पोटावर चिकटवली आणि खाली उतरली. इतक्या वर्षांत मला ओळखणारं ते पहिलं माणूस. त्या रात्री पेटीत, परक्या निळ्या आकड्यांत, मला पहिल्यांदाच फार एकटं वाटलं. कोणी ओळखेपर्यंत तेवढं कळत नाही.

शेवटच्या सामन्याला आलेली शाळा मोसमभर एकही सामना हरली नव्हती. त्यांच्या पोरांचे मोजेसुद्धा एका उंचीवर होते. मध्यंतरापर्यंत त्यांनी तीन गोल केले आणि मी खिळ्यावर चढलो. आमचे खेळाचे सर पोरांना म्हणाले, “काय करायचं ते करा. फक्त रडू नका.” आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले.

मध्यंतरानंतर आमच्या घाईने गोल केला. घाई म्हणजे आमचा पुढे खेळणारा मुलगा. तो नेहमी चेंडूच्या आधी पोचायचा, म्हणून हे नाव. त्या दिवशी चुकून दोघं बरोबर पोचले. गणिताच्या सरांनी लाल एक काढला आणि गडबडीत पायावर पाडला. ते लंगडत असतानाच दुसरा गोल झाला. आता सर वह्या सोडून उभेच राहिले. लाल दोन त्यांनी ताबडतोब लावला.

आणि अगदी शेवटी, आमच्या एका पोराने चेंडू जोरात मारला, तो पाहुण्यांच्या एका उंच मुलाच्या पाठीवर आपटला आणि आत गेला. कोणाला काही कळायच्या आत रेफरीने मैदानाच्या मध्याकडे हात केला. तिसरा.

सरांनी पेटीत हात घातला. दोन तर वर होता. पुढे चार होता. त्यांनी पुन्हा चाचपलं. चार, पाच, सहा. मैदानभर आरडाओरडा चालला होता, आणि फलकावर अजून आमचे दोनच.

“अहो सर, तीन लावा की!” आमच्यातले एक बाबा ओरडले.

“तीन नाहीये!”

“नाही म्हणजे? आत्ता झाला ना!”

“सहा उलटा लावा!” कोणाची तरी आजी म्हणाली. सरांनी तोही प्रयत्न केला. पण सहाला भोक वरच्याच अंगाला होतं.

तेवढ्यात गोलपोस्टातून आवाज आला. “सर! आपला तीन तिकडे लटकलाय!”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी वाऱ्यावर वळलो असेन, किंवा पापुद्री गळून पडली असेल. पोटावरचा लाल रंग उन्हात लखलखत होता. सर स्टुलावर चढले, त्यांनी मला पाहुण्यांच्या खिळ्यावरून काढलं आणि यजमानांच्या खिळ्यावर अडकवलं.

मित्रांनो, दोन खिळ्यांमधलं अंतर वीतभर असेल.

पण आता पाहुण्यांचा खिळा रिकामा राहिला. त्यांचे आईबाप खवळले. “आमचे गोल कुठे गेले?” “हे काय चाललंय? पुसता काय?” त्यांचे प्रशिक्षक मैदान सोडून तरातरा फलकाकडे यायला निघाले.

गणिताच्या सरांनी इकडेतिकडे बघितलं. मग त्यांनी स्टूल पाहुण्यांच्या बाजूला सरकवलं, वर चढले, पाहुण्यांच्या रिकाम्या खिळ्यापाशी हात उंच केला आणि तीन बोटं वर धरली.

“हे तुमचे,” ते म्हणाले. “हलवत नाही.”

प्रशिक्षकांना हरकत घ्यायला जागा सापडेना. ते परत गेले.

खेळ चालू राहिला. गंमत बघा. चौथा गोल झाला असता तर पाहुण्यांचा निळा चार पेटीत तयार होता. सरांचा हात खाली आला असता, सगळे आकडे आपापल्या जागी बसले असते आणि कोणाची काही तक्रार उरली नसती. आमची हार ही फलकाच्या दृष्टीने केव्हाही सोयीची गोष्ट होती. सरांचा हात भरून आला, त्यांनी हात बदलला. बोटं तीनच.

मग पाहुण्यांचा तो उंच मुलगा एकटाच चेंडू घेऊन आला. समोर फक्त चष्मा. त्याने जोरात मारलं. ती पुढे झेपावली, चेंडू तिच्या कपाळावर लागला, चष्मा एका कानावर आला, आणि चेंडू खाली पडताच ती त्याला मिठी मारून, डोळे मिटून, मातीत तशीच पडून राहिली. शिट्टी वाजली तरी सोडेना. शेवटी रेफरीने वाकून सांगितलं, “सोड बाळा, संपलं.”

एक गुण. क्रेपच्या फुलांना थांबावं लागलं.

ती आधी फलकाखाली आली. कपाळावर टेंगूळ होतं. “लागला एकदाचा,” ती माझ्याकडे बघून म्हणाली.

“आता हात खाली घेऊ का?” सरांनी विचारलं.

“थांबा सर, फोटो काढतायत.”

तो फोटो अजून मोठ्या बाईंच्या खोलीत आहे. त्यात सर आहेत, त्यांची तीन बोटं आहेत, आणि कडेला माझी शेपटी आहे.

पण त्या दिवशी शाळेची लाज सगळ्यांनी बघितली होती. ज्या शाळेत तिनाचे दोन आकडे नाहीत, ती कसली शाळा? पुढच्या मोसमाआधी विजेवर चालणारा फलक आला. त्यात कोणीही कितीही गोल करावेत, आकडे संपत नाहीत. जुन्या आकड्यांना मोठ्या बाईंनी वाया जाऊ दिलं नाही. त्यांना वर्गांच्या दारांवर लावलं. सहाला सहा नंबरच्या खोलीवर जागा मिळाली. शून्य पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून आहे. मला तीन नंबरच्या खोलीपाशी धरून बघितलं. “हा अर्धा लाल, अर्धा निळा,” काका म्हणाले. “कोणाचा आहे तेच कळत नाही. राहू दे.”

आता मी भांडाराच्या भिंतीला टेकून उभा आहे, तोंड भिंतीकडे करून. कोणी दार उघडलं तर त्याला माझी पाठ दिसते आणि तिच्यावरचा तो शब्द. येथे. सामन्याच्या दिवशी मैदानावरचा ओरडा ऐकू येतो. तो आपला की पाहुण्यांचा, ते भिंतीतून ओळखता येत नाही. चष्मा मोठ्या शाळेत गेली. पाठीला टेकायला सहा नाही.

मित्रांनो, मला पुन्हा रंगवा, खिळ्यावर लावा, असं मी म्हणणार नाही. माझी मागणी लहान आहे. तुमच्याही शाळेत, नेहमी हरणाऱ्या संघाच्या नावाने अशी एखादी पेटी असेल. एकदा ती उघडून बघा, सगळे आकडे जागेवर आहेत ना. कोणी म्हणेल, यांना एवढे कुठे लागतायत. त्यांच्याशी वाद घालू नका. हो म्हणा, आणि नऊपर्यंत ठेवा.