आग्नेय कोपऱ्यातली वाट

साखरेच्या डब्यात पुन्हा मुंग्या निघाल्या त्या सकाळी सुभेदार लालासाहेब बिनसाखरेचा चहा प्यायले आणि कुणाला काही बोलले नाहीत. मनुबाईंना नवऱ्याचं बोलणं सोसायचं, न बोलणं सोसायचं नाही. सव्वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. बर्फात उभा राहिलेला, वाळूत उभा राहिलेला. आणि आता साताऱ्याबाहेरच्या कॉलनीत, पेन्शनीतून बांधलेल्या स्वतःच्या घरात, जिऱ्याहून बारीक जीव त्याला रोज सकाळी हरवत होता.

घर दोन वर्षांचं. भिंतींचा रंग अजून नवा, दाराच्या चौकटीला लाकडाचा वास अजून होता. मुंग्या पहिल्यांदा निघाल्या त्या ओट्याखालून, एकच रेघ. लालासाहेबांनी आधी खडूच्या रेघा मारल्या, सीमेवर तार ओढावी तशा सरळ. मग फवारणीवाला आणला. चार दिवस घर गप्प राहिलं. पाचव्या दिवशी मुंग्या ओट्याखालून निघाल्या, फ्रिजमागून निघाल्या आणि न्हाणीघराच्या चौकटीतूनही. दुसऱ्यांदा फवारलं, तर दिव्याच्या बटणांच्या खाचेतून रांग लागली. मनुबाई पीठ चाळायच्या, डाळ निवडायच्या, डबे पाण्याच्या परातीत ठेवायच्या. मुंग्या तरीही वाट काढायच्या.

अशात शिवांजली सांगलीहून नोकरी सोडून परत आली.

ती सुभेदारांची एकुलती एक लेक. शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकली आणि तीन वर्षं सांगलीत एका कीड-नियंत्रणाच्या कंपनीत राबली. हळदीची गोदामं, बेदाण्याची कोठारं, डॉक्टरांचे बंगले, सगळीकडे गुडघे टेकून फिरली. आता तिला स्वतःचं काम सुरू करायचं होतं, इथंच, साताऱ्यात. त्यासाठी तिनं बापाकडं एकच गोष्ट मागितली : घराची पुढची खोली. रस्त्यावरून सरळ दार असलेली.

ती खोली म्हणजे सुभेदारांची बैठक. भिंतीवर पलटणीचे फोटो. जुने साथीदार आले की तिथं बसायचे. तिथं औषधाचे पंप आणि बाटल्या मांडायच्या, ही कल्पनाच त्यांना झेपेना. वडूजच्या पावण्यांना ते अजूनही सांगायचे की पोरगी शेती खात्यात हाय. मुंग्या-झुरळांचं काम करते, हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी पुरं बाहेर पडलं नव्हतं. शेवटी त्यांनी अट घातली. या घरातल्या मुंग्या आधी काढायच्या. निघाल्या तर खोली तिची. न्हाई निघाल्या तर बँकेच्या परीक्षेला बसायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा न्हाई. शिवांजलीनं मान हलवली. मनुबाईंनी मात्र हातातली कणिक जरा जास्तच मळली.

पहिले दोन दिवस पोरीनं एक मुंगी मारली नाही. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथी पडून राहायची, डोळ्याला भिंग लावून. लालासाहेब येता-जाता बघायचे.

"जनगणना चाललीया का?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा. आधी गाव कुणाचं ते तर कळू दे," ती न उठता म्हणाली.

तिनं आईलाही खाली बोलावलं आणि भिंग हातात दिलं. मनुबाईंनी उभ्या जन्मात मुंगी हजारदा पाहिली होती, पण अशी कधी नाही. काचेखाली ती मेणासारखी पिवळी होती, आरपार उजेड जावा तशी. शेपटीकडं जरा काजळ लागलेलं. दोन मिश्या सारख्या हलत होत्या, आंधळ्यानं काठीनं वाट चाचपावी तशा. समोरून दुसरी आली की दोघी थांबायच्या, मिशीला मिशी लावायच्या, मग आपापल्या कामाला लागायच्या. मनुबाईंना वाटलं, पाणवठ्यावर बायका भेटाव्यात तसंच हे.

शिवांजलीनं सांगितलं की अंगणातला काळा मुंगळा निराळा आणि चावणारी तांबडी निराळी. ही घरातली पिवळी सगळ्यात बारीक आणि सगळ्यात चिवट. हिच्या एका घरट्यात राण्या पुष्कळ. फवारा बसला की ज्या वाचतात त्या पिल्लं उचलतात आणि वेगळा संसार थाटतात.

"म्हंजी आबांनी फवारून फवारून एका गावाची चार गावं केली," ती हसत म्हणाली. लालासाहेब दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

तिनं बाटल्यांची तीन झाकणं मांडली. एकात गुळाचं पाणी, एकात कोरडी कणिक, एकात शेंगदाण्याचं कूट तुपात कालवून. मुंग्यांना कणिक आवडते असं मनुबाईंना वाटायचं. माहेरी पिंपळाखालच्या वारुळावर त्या दर शनिवारी मूठभर पीठ घालत. पण तासाभरानं पाहिलं तर कणकेकडं कुणी फिरकलं नव्हतं, गुळावर चार-दोन होत्या, आणि कुटाचं झाकण पिवळं झालं होतं. पोरगी म्हणाली, त्यांना सध्या काय पाहिजे ते त्यांनीच सांगितलं, आपण फक्त विचारलं. त्या दिवशी खलबत्त्यात कूट करताना मनुबाईंच्या ओठांवर आपसूक दोन ओळी आल्या :

*बाई लेकीच्या डोळ्याला, किती बारीक गं धार*
*मुंगीच्या वाटंवरून, तिला घावतं गं दार*

दार तिसऱ्या दिवशी घावलं. झाकणावरून कूट घेऊन निघालेल्या मुंग्यांच्या मागं शिवांजली बोटाबोटानं सरकत गेली. ओट्याची कड, सिलेंडरची मागची बाजू, आणि कोपरा. तिथल्या एका फरशीच्या कडेला केसाएवढी फट होती. मुंग्या तिच्यात उतरत होत्या, ओझ्यासकट, एकामागून एक. पोरीनं फरशीवर बोटानं टकटक केलं. बाकीच्या फरश्या भरीव वाजत होत्या. ही पोकळ वाजली.

"आई, याच्या खाली काय हाय?"

मनुबाईंचा हात ओट्यावरच थांबला. त्या कोपऱ्यावर घरात कुणी पाय देत नव्हतं. वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींनी तिथंच, स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, तांब्याच्या डबीतली वास्तूची मूर्ती पालथी ठेवून पुरली होती. सोबत सात धान्यं आणि दहीभात. घर उभं आहे तोवर ती जागा उघडायची नसते. त्या दिवशी शिवांजली सांगलीच्या कामामुळं आली नव्हती. म्हणून तिला जागा ठाऊक नव्हती, आणि आणखी एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

"आवं, इकडं या जरा," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "गुरुजी हात धुवायला गेलं तवा मी वाटीभर शिरा घातला हुता खड्ड्यात. तूप सुटलेला. म्हटलं, घराचा धनी हाय, नुसत्या दहीभातावर कसा ऱ्हाईल."

 मनुबाईंना वाटलं, आता दोन वर्षांच्या सगळ्या मुंग्या आपल्याच नावावर लागल्या. फरशीकडं बघत त्या उभ्या राहिल्या. मग लालासाहेब खाकरले. भरती झाल्या दिवशी वरिष्ठांपुढं खाकरले असतील तसे.

"शिऱ्याचं एवढं न्हाई. चूक माझी हाय." ते म्हणाले. "गवंडी खड्डा सिमेंट घालून भरणार हुता. मी नगं म्हटलं. देवाच्या डोक्यावर सिमेंट वतायचं म्हंजी त्याला कोंडल्यागत हुतंय. नुसती वाळू टाकून वर फरशी टेकवून घेतली. सांदसुद्धा भरू दिली न्हाई."

बर्फातल्या गस्तीच्या गोष्टी सांगणाऱ्या या माणसाला मनुबाईंनी एवढ्या हळू आवाजात बोलताना बऱ्याच वर्षांनी ऐकलं. त्यांना त्या क्षणी तो मुंग्यांपेक्षा लहान वाटला आणि फार आपला वाटला.

शिवांजली दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. ती हसली नाही. शिरा तर पहिल्याच महिन्यात संपला असंल, तिनं सांगितलं. मुंग्या राहिल्या त्या जागेमुळं. आग्नेयेला स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात गॅस आणि फ्रिजची ऊब, आणि त्याच्याच खाली, वाळू खचून झालेली कोरडी, पोकळ, निवांत खोली. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही तिथंच घर केलं असतं.

फरशी उचलायची नाही, हे तिनं स्वतःच सांगितलं, आणि लालासाहेबांचे खांदे जरा खाली आले. पण पुढचं ऐकून ते पुन्हा ताठ झाले. ती शेंगदाण्याच्या कुटात चिमूटभर बोरिक पावडर मिसळणार होती, कॅरमच्या बोर्डावर टाकतात तीच. जास्त घातली तर मुंग्या वाटेतच मरतील. थोडी घातली तर कूट घरापर्यंत पोचेल, राण्यांच्या तोंडापर्यंत पोचेल.

"देवाच्या उशाशी इख ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"देवापाशी मी काही ठेवत न्हाई, आबा. मी त्यांच्या वाटंवर ताट मांडणार. आत न्यायचं का न्हाई, त्यांनी ठरवायचं. पण तुमी एक ऐकायचं. मी सांगंस्तवर फवारा न्हाई, खडू न्हाई, फडकं न्हाई. रेघ कितीबी वाढली तरी हात लावायचा न्हाई."

"आणि वाढली तर?"

"वाढणारच हाय. ती वाढली की समजायचं, काम चालू झालं."

झाकणं मांडली गेली. फटीजवळ, फ्रिजमागं, न्हाणीघराच्या चौकटीला, बटणांच्या पाटीखाली. मनुबाईंनी पहिलं झाकण ठेवताना मनातल्या मनात मुंग्यांची माफी मागितली. पिंपळाखाली पीठ घालणारा हात हाच होता. पण याच घरात आपल्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्यही होतं, हे त्या हाताला कळत होतं.

झाकणं मांडल्यापासून चौथ्या दिवशी रेघ दोरीएवढी जाड झाली. मुंग्या लपतसुद्धा नव्हत्या. ओट्यावरून, भिंतीवरून, उघड्या दुपारी जथ्थेच्या जथ्थे निघाले. शत्रू डोळ्यांसमोर घरात फिरतो आहे आणि बंदूक उचलायची नाही, असा हुकूम सुभेदारांना उभ्या नोकरीत कुणी दिला नव्हता. ते स्वयंपाकघरात यायचे, हात पाठीमागं बांधून उभे राहायचे, परत जायचे. शेवटी त्यांना राहवलं नाही. शिवांजली बाजारात गेलेली पाहून त्यांनी माळ्यावर फवाऱ्याचा डबा शोधला. मग कपाटामागं, मग मोरीत.

"सुभेदारीण," त्यांनी विचारलं, "दारूगोळा कुठं हलवला?"

"आवं, बसा गप," मनुबाई भाजी चिरत म्हणाल्या. डबा धुण्याच्या मशीनमध्ये होता, खाली चादरी, वर टॉवेल. तिथं ते कधीच बघणार नाहीत, याची त्यांना खात्री होती.

लालासाहेब स्टूल घेऊन कोपऱ्यासमोर बसले. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्यांनी भिंग उचललं. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, एकबी रिकाम्या हातानं परत चालली न्हाई बघ. थोड्या वेळानं म्हणाले, ही मधली जरा आळशी हाय. संध्याकाळी शिवांजली आली तेव्हा आज कोणत्या झाकणावर जास्त गर्दी होती, हे त्यांनीच तिला सांगितलं, रिपोर्ट द्यावा तसं. तिनं वहीत लिहून घेतलं.

नवव्या दिवशी रेघ विरळ झाली. अकराव्या दिवशी फटीतून दोन-तीन मुंग्या बाहेर आल्या, थोड्या भटकल्या आणि परत गेल्या नाहीत. शिवांजली तेवढ्यानं फसली नाही. तिनं झाकणं बदलली, ताजं कूट ठेवलं आणि आणखी दहा दिवस कुणाला जिंकलो म्हणू दिलं नाही. मग एका सकाळी तिनं ओट्यावर तुपाचा एक थेंब मुद्दाम उघडा ठेवला. दुपार झाली. थेंब तसाच होता, गोल, पिवळा, कुणी न शिवलेला. मनुबाईंनी तो तीनदा जाऊन पाहिला.

सांद भरायचं काम लालासाहेबांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. अंघोळ करून, टोपी घालून ते कोपऱ्यात बसले, फरशीला हात जोडले आणि पांढरं सिमेंट बोटानं चेपत गेले. पोरगी शेजारी बसून कुठं कमी पडलं ते दाखवत होती. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. खोलीचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. तिनंही काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मनुबाईंनी पाहिलं, पुढच्या खोलीतला एक लांब बाक लालासाहेबांनी स्वतः ओढून भिंतीला लावला होता आणि मधे टेबलाएवढी जागा रिकामी झाली होती. पलटणीचे फोटो होते तिथंच होते.

कॉलनीत बातमी पसरायला लालासाहेबच कारण झाले. दूधवाल्यापाशी, देवळाच्या पायरीवर, कुणी काही न विचारता ते सांगायचे. रविवारी सकाळी शेजारचे विष्णुपंत फाटकात आले. वाईच्या शाळेत उभी नोकरी केलेले गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, हातात लोणच्याची धुतलेली बरणी. बरणीत मुंग्या.

"सुभेदारसाहेब, देवघरात या निघाल्यात. म्हटलं, तुम्हाला विचारावं काय फवारायचं ते."

"फवारलं का?" लालासाहेबांनी करड्या आवाजात विचारलं.

"अजून नाही. आणून ठेवलंय."

"मग तसंच राहू द्या. फवारलं की एका गावाची चार गावं हुत्यात." त्यांनी बरणी उन्हात धरली, डोळे बारीक केले. मुंग्या मोठ्या होत्या, काळ्या, लांब पायांच्या. "ह्या आमच्यातल्या न्हाईत. आमच्या पिवळ्या. ह्या..." ते अडले. बरणी फिरवून पुन्हा बघितली. विष्णुपंत वाट बघत राहिले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनुबाई बघत होत्या. कढईत कांदा तांबूस झाला होता. नवऱ्याला एखादी गोष्ट येत नाही, हे त्याच्या तोंडून ऐकायचा प्रसंग या घरात क्वचितच आला होता.

लालासाहेबांनी बरणी परत विष्णुपंतांच्या हातात दिली. पुढच्या खोलीचं दार उघडून धरलं आणि एक पाऊल बाजूला सरकले, फौजेत मोठा अधिकारी आत जाताना सरकायचे तसे.

"मला नका विचारू. मॅडम आत हायत," ते म्हणाले. "चपला हितं काढा."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मनुबाईंनी गॅस बारीक केला. लेक काय सांगते ते त्यांना नीट ऐकायचं होतं.