खांब तुझा, पोरी

नाताळाच्या आधी शाळेच्या वादविवादात मी पहिली आले आणि तेव्हापासून माझा उजवा हात माझ्या ताब्यात राहिलेला नाही. कुणी काही विचारलं की तो आपला वर जातो. वर्गात जातो, चर्चमध्ये वाचन कोण करणार म्हटलं की जातो. जानेवारीतल्या त्या रविवारी आमचा कोच फिंटन कपडे बदलायच्या खोलीबाहेर म्हणाला, "शेमसची गाय अडलीय, तो येत नाही. गोलपंच म्हणून कोण उभं राहतंय?" तेव्हाही तोच वर गेला. बाकीचे सगळे आपापले बूट बघत होते. मला तिथेच कळायला हवं होतं.

"तू?" फिंटन म्हणाला.

"मला सगळे नियम पाठ आहेत."

"नियमांचं कोण बोलतंय," तो म्हणाला, पण कोट माझ्या अंगावर टाकला.

गोलपंचाचा पांढरा कोट म्हणजे आमच्याकडे डेस कसायाचा कोट. क्लबचा स्वतःचा कधीच हरवलाय. डेस माणूस दाराएवढा, त्यामुळे कोट माझ्या बुटांपर्यंत आला आणि बाह्या तीनदा दुमडाव्या लागल्या. चरबीचा वास येत होता. मी आरशात बघितलं आणि मला वाटलं, छान दिसतेय.

आमचं गाव कॅरिकमॉयल आणि पुलापलीकडचं ड्रमलारा. खेळ आमचा हातापायांनी खेळायचा फुटबॉल, आणि ही स्पर्धा म्हणायला सरावाची. खरा मोसम सुरू व्हायच्या आधी पाय मोकळे करायचे, नवी पोरं बघायची. पण समोर ड्रमलारा असलं की आमच्याकडे पाय मोकळे होत नाहीत, मुठी आवळल्या जातात. स्पर्धा छोटी म्हणून मुख्य पंच एकटाच येतो. दोन्ही गोलांपाशी दोन्ही गावांचा एकेक माणूस उभा करायचा, एका खांबाशी आपला, दुसऱ्या खांबाशी त्यांचा. चेंडू आडव्या दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट आणि पांढरा झेंडा. दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल आणि हिरवा झेंडा. खांबाच्या बाहेरून गेला तर दोन्ही हात पसरायचे, वाइड. पांढरा झेंडा माझ्याकडे होता, हिरवा पलीकडच्या खांबाशी मॅलकी ट्यूहीकडे.

मॅलकी ट्यूही म्हणजे ड्रमलाराचा तो प्रसिद्ध म्हातारा. मागच्या वर्षी याच मैदानावर त्याने आमच्याविरुद्ध एक पॉइंट दिला आणि सामना संपल्यावर त्याच्या गाडीच्या चारही चाकांत हवा नव्हती. ट्रॅक्टरवर बसून घरी गेला. आमच्या गावात ही गोष्ट लग्नात सांगतात.

"कुणाची गं तू?" त्याने विचारलं.

"मिक हॅनलीची नात. ब्रोना."

"मिकची," तो म्हणाला. "मिकने मला एकदा ओढ्यात ढकललं होतं. असो. यंदा मी चालत आलोय. हवा काढायला काही ठेवलंच नाही."

मला हसावं की नाही कळेना.

"ऐक पोरी," तो म्हणाला. "चेंडू उंचावरून आला की खांबाला गाल लावायचा आणि सरळ वर बघायचं. लोकांकडे बघायचं नाही. तुझ्या खांबाजवळून गेला तर शब्द तुझा. मी मध्ये पडणार नाही. माझ्या खांबाजवळून गेला तर तू पडायचं नाही."

"मला माहितीय ते."

"माहिती सगळ्यांनाच असतं," मॅलकी म्हणाला.

पहिला अर्धा वेळ मजेत गेला. आमची पोरं माझ्याच बाजूच्या गोलवर मारत होती, आणि एकेक पॉइंट झाला की मी झेंडा असा फडकवायचे की तारेच्या कुंपणामागून टाळ्या यायच्या. आमच्या शाळेच्या वाटेवरच्या दुकानाची नोरीन क्विन तिथे छत्री घेऊन उभी होती. मी बसची वाट बघत असते तेव्हा ती मला रोज एक सॉसेज रोल जास्तीचा देते. "शोभतेस गं," ती ओरडली. मी चक्क कमरेत वाकून नमस्कार केला.

मग बाजू बदलल्या.

गोलपंच जागच्या जागी राहतात, संघ बदलतात. आता मी उभी होते त्याच गोलमध्ये माझा भाऊ तिएर्नन आला आणि ड्रमलारा आमच्यावर मारायला लागलं. नदीवरून धुकं मैदानात शिरलं होतं. आमची सगळी माणसं मैदानाला वळसा घालून माझ्या पाठीमागे, कुंपणाशी येऊन थांबली. मला ती दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

तिएर्ननबद्दल सांगायला हवं. तीन वर्षं तो आमचा गोली, म्हणजे गोलरक्षक आहे, एक नंबरची जर्सी त्याची. पण शरद ऋतूत ऑड्रन मॅगन ऑस्ट्रेलियाहून परत आला. तोही गोली, आणि फिंटनने सांगून ठेवलं होतं की मोसमासाठी एक नंबर कुणाला ते ड्रमलाराच्या सामन्यानंतर ठरवतो. तिएर्नन महिनाभर शेजाऱ्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारत होता. मम, आमची आई, म्हणायची, त्यांच्या गाई दूध द्यायच्या बंद होतील. रात्री जेवताना त्याचे हात लाल, सुजलेले दिसायचे.

ड्रमलाराचा पहिला पॉइंट आला. स्वच्छ, मधोमध. मी झेंडा उचलला.

"एवढी घाई कशाला गं?" मागून कुणीतरी म्हणालं.

दुसरा आला. झेंडा.

"ए, कोट आमच्या डेसचा आहे, विसरलीस काय?" लोक हसले, पण ते हसू मला आवडलं नाही. मग एक चेंडू माझ्या खांबाच्या बाहेरून गेला, हातभर बाहेरून. मी हात पसरले, आणि मागून जो काही आवाज उठला, शाब्बास, आमची पोर, मिकची नात. माझी मान गरम झाली. मला तो आवाज फार आवडला. आणि लगेच भीती वाटली, कारण पुढचा चेंडू कसा येईल हे माझ्या हातात नव्हतं.

शेवटी शेवटी दोन्ही संघ बरोबरीत आले. पंच घड्याळाकडे बघत होता. धुकं इतकं दाट की मधली रेघ दिसत नव्हती. माणसं एकदम त्यातून बाहेर यायची आणि परत त्यात जायची. तिएर्ननला गोलमधून किक मारायची होती. लांब मारली असती तर धुक्यात कुणाला मिळाली असती देव जाणे. त्याने जवळच्या डेक्लनला मारली. डेक्लनचा पाय चिखलात गेला, तो बसलाच, आणि ड्रमलाराच्या तांबड्या केसांच्या पोराने चेंडू उचलला. गोल अगदी समोर होता. पण तिएर्नन धावून अंगावर गेला म्हणून त्याने घाईत, वाकडा होऊन, उंच मारला.

माझ्या खांबाकडे.

मी गाल लावला. लोखंड इतकं थंड होतं की दात दुखले. वर फक्त करडं होतं, आणि त्यातून चेंडू आला, काळा ठिपका, मग वाटोळा, माझ्या डोक्यावरून. खांबाच्या आतून. फार नाही, एका चेंडूएवढी जागा राहिली असेल. पण मी सरळ वर बघत होते, आणि जागा दिसली.

खेळणारे सगळे माझ्याकडे बघत होते. मैदानावरून कुणालाच ते दिसलेलं नव्हतं. पंच धुक्यातून पुढे आला आणि त्याने मॅलकीकडे पाहिलं.

मॅलकीने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. त्याच्या गावाचा पॉइंट होता, सामना जिंकून देणारा, आणि तो म्हातारा म्हणाला, "मला नुसतं धुकं दिसलं. खांब तुझा, पोरी."

"वाइड," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसरा. मग सगळे, ओरडून नाही, नुसते म्हणत राहिले, वाइड, वाइड, जपमाळ ओढल्यासारखे.

तिएर्नन वळला. त्याच्या तोंडावर चिखल होता. "वाइड गेला ना, ब्रोना," तो म्हणाला, आणि तो प्रश्न नव्हता.

मला हात पसरायचे होते, बस्स. तेवढंच. पॉइंट द्यायचा तर वाकून झेंडा उचलावा लागतो, वाइडला काहीच लागत नाही.  

मी वाकले. खांबाच्या मागे, जिथे मी झेंडा ठेवला होता, तिथे चिखलात फक्त त्याच्या दांड्याची खाच होती.

मी वर पाहिलं. कुंपणाच्या खालच्या फटीतून छत्रीची वाकडी मूठ हळूच मागे जात होती, आणि मुठीत अडकून माझा झेंडा. नोरीनने तो उचलला आणि आपल्या कोटाच्या आत घातला. ती माझ्याकडे बघून हसली, रोज दुकानात हसते तशीच, प्रेमाने. मला आयुष्यात इतकी भीती कशाचीच वाटली नव्हती.

"हात पसर आणि घरी जा, बाळा," ती म्हणाली. "थंडी किती आहे."

पंच म्हणाला, "चल, पोरी. काय ते सांग."

माझ्याकडे पांढरं दुसरं काही नव्हतं. मी कोटाची बटणं काढायला लागले. बोटं बधिर झालेली, वरचं बटण निघालं, दुसरं निघेना. मग मी कोट डोक्यावरून ओढला आणि मध्येच अडकले. आत अंधार होता, चरबीचा वास, माझाच श्वास. बाहेरचे आवाज लांब गेले. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं इथेच राहावं. सामना संपेल, लोक घरी जातील, मग डेस येईल आणि कोट घेऊन जाईल.

मग कुठलातरी टाका उसवला आणि मी बाहेर आले. केस तोंडावर होते. मी कोट दोन्ही हातांनी धरला आणि डोक्यावर फडकवला. जड होता. दोनदा फडकवला, कारण पहिल्यांदा तो माझ्याच अंगावर पडला.

पंचाने मान हलवली. पॉइंट. तिएर्ननने किक मारली आणि शिट्टी वाजली.

मागे कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. लोक नुसते निघून गेले, आणि धुक्यात त्यांच्या बुटांचा आवाज येत राहिला. ड्रमलाराचे लोक मात्र नाचत होते आणि मला तेही बघवेना. मॅलकीने हिरवा झेंडा गुंडाळला.

"आमच्या क्लबात सूप आहे," मी म्हणाले, कारण पाहुण्यांना तसं सांगायचं असतं. माझा आवाज उंदरासारखा निघाला.

"नको. अंधारायच्या आत पूल ओलांडतो," तो म्हणाला. थोडं चालून थांबला. "मिकने मला ढकललं तेव्हा चूक माझी होती." आणि गेला.

घरी जाताना मम गाडी चालवत होती, तिएर्नन पुढे, मी मागे कोट मांडीवर घेऊन. काचा पुसायचा पट्टा करकरत होता.

"ऑड्रनला दिलं," तिएर्नन म्हणाला. "एक नंबर."

ममने फक्त त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. मला वाटलं आता मी गाडीतून उतरून शेतात राहावं. आमच्या घरात तो माझ्याशी बोलणार नाही, किती दिवस? त्याने एकदा एका मोडलेल्या सायकलवरून माझ्याशी अख्खा उन्हाळा अबोला धरला होता.

"दूध नाहीये," मम म्हणाली आणि गाडी थांबवली. नोरीनच्या दुकानासमोर. आत दिवा होता. "ब्रोना, जा पटकन."

माझा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. वर जाणारा हात हाच का, असं वाटलं.

तिएर्नन पुढे बघत होता. "किती आत होता?" त्याने विचारलं.

"एक चेंडू मावेल एवढा."

पट्टा करकरला.

"मला दोन वाटला," तो म्हणाला. मग दार उघडून बाहेर उतरला आणि माझंही उघडलं. "चल. मला पण काहीतरी हवंय."

काही नको होतं त्याला, मला माहीत होतं.

घंटा वाजली. नोरीन गल्ल्यामागे उभी होती, केस ओले, आणि दाराजवळच्या बादलीत तिची छत्री टेकवलेली. छत्रीच्या शेजारी, दांड्यावर चिखल वाळत आलेला, माझा पांढरा झेंडा. लपवलाही नव्हता. नोरीन झेंड्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि हसत नव्हती.

तिएर्नन माझ्या मागे उभा होता, इतका जवळ की त्याच्या जर्सीतून घामाची वाफ मला लागत होती. मी हात बादलीत घातला.

"हा क्लबचा आहे," मी म्हणाले.

नोरीनने काउंटरवरचं फडकं उचललं, एक जागा पुसली, परत तीच पुसली.

"दूध एक लिटर की दोन?" तिने विचारलं.

"दोन," तिएर्नन म्हणाला.