एक, दोन, तीन, जिना

तो गुरुवार होता, म्हणून मी सकाळपासून घड्याळाकडे बघत होते.

मी सार्वजनिक ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात काम करते. पाणी लागलेली, पानं निखळलेली पुस्तकं आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना खळ लावतो, शिवतो, नवी पाठ बसवतो आणि लोखंडी प्रेसखाली दाबून ठेवतो. त्या दिवशी माझ्यापुढे एक जाडजूड शब्दकोश होता, मधोमध दुभंगलेला. चार वाजता चहाची सुट्टी होते. सगळे खाली जातात, मी जात नाही. सहकाऱ्यांना वाटतं, मी त्या वेळात वाचते.

मी त्या वेळात एक जुनी मालिका बघत असे. आईबरोबर. फक्त आईला ते माहीत नव्हतं.

मालिकेचं नाव ‘तिसरा जिना’. एक घड्याळजी, त्याच्या दोन मुली, आणि एका इमारतीचा अरुंद जिना. थोरली भांडून घर सोडते आणि अकरा वर्षांनी परत येते. एकशे त्रेचाळीसाव्या भागाच्या शेवटी ती दाराच्या कडीला हात लावते, आणि तिथेच कलाकारांची नावं सुरू होतात. त्याच आठवड्यात वाहिनी बंद पडली. दार काही उघडलं नाही.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत आईच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, आणि वाहिनी बंद झाल्याची पाटी पडद्यावर आली तशी ती हमसून हमसून रडायला लागली. मी म्हणाले, “खोट्या माणसांसाठी रडतेस. बाबांसाठी नाही रडलीस.”

तिनं पदरानं तोंड पुसलं, टीव्ही बंद केला आणि कुकर लावायला गेली. त्यानंतर माझ्यासमोर तिनं त्या मालिकेचं नाव कधी काढलं नाही.

पुढे कोणीतरी सगळे जुने भाग इंटरनेटवर टाकले आणि तिथे चाहत्यांचा एक गट जमला. ते स्वतःला जिनेकरी म्हणवत. गट सुरू करणाऱ्यांत आई होती. तिथलं तिचं नाव ‘पहिली पायरी’. सगळे तिला पायरीताई म्हणायचे. मला हे कळलं ते तिचा टॅबलेट दुरुस्त करताना. सहा वर्षांपूर्वी मी ‘शेजारीण’ या नावानं त्या गटात शिरले. खरं सांगायचं तर हसायला शिरले होते. मग राहिले.

गटाचा एक नेम होता. दर गुरुवारी चार वाजता सगळ्यांनी एकच भाग एकाच क्षणी सुरू करायचा आणि बघता बघता लिहायचं. मोजायचं काम आईचं. ती लिहायची, ‘एक, दोन, तीन, जिना’, की सगळ्यांची बोटं पडायची. त्या अर्ध्या तासात माझी आई आणि मी एकमेकींना टाळ्या देत होतो. मी तिला ‘तुम्ही’ म्हणायचे. ती मला ‘अगं शेजारणी’ म्हणायची आणि असं काय काय सांगायची, जे मला, म्हणजे तिच्या मुलीला, तिनं कधी सांगितलं नसतं. पहिल्याच वर्षी एकदा तिनं लिहिलं, ‘वाहिनी बंद झाली त्या दिवशी मी रडले ती नवऱ्यासाठी. घरात लेक होती, परीक्षा तोंडावर. तिच्यासमोर त्याच्या नावानं रडले असते तर पोर मोडली असती. म्हणून वाट बघत होते, दुसरं काही निमित्त मिळतंय का.’

ते वाचलं त्या दिवशी मी घरी फोन केला होता. गॅसवाला येऊन गेला का, एवढंच विचारलं.

तर तो गुरुवार. सकाळी दहाला बातमी आली की एक स्ट्रीमिंग कंपनी ‘तिसरा जिना’ पुन्हा सुरू करणार आहे, जिथे थांबली तिथूनच. गटात नुसता कल्ला माजला.

कात्री नावाची बाई केस कापण्याचं दुकान चालवते. तिनं लिहिलं, ‘गिऱ्हाईक अर्ध्या केसांवर बसलंय आणि मी रडतेय. बाई घाबरून विचारतायत, एवढे वाईट कापलेत का?’

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. ‘कडी डाव्या हाताला होती. नव्या भागात उजवीकडे दिसली तर मी वर्गणी परत मागणार.’

ट्रक चालवणारा एक गृहस्थ होता. गटात सगळ्यांच्या मागून आला म्हणून त्याचं नाव ‘उशिरा आलेला’. तो म्हणाला, ‘धाकटीचं काम म्हणे दुसरीच कोणी करणार. मग ती आपली धाकटी कशी?’

‘सतरा वर्षांनी मूळचीच आली तर धाकटी दिसेल की मास्तरांची आजी?’ कात्री.

‘माझी आजी तुझ्यापेक्षा बरे केस कापायची.’

‘भांडू नका रे,’ आईनं लिहिलं. ‘आधी दार तर उघडू दे. मग आत कोण बसलंय ते बघू.’

चार वाजता तिनं मोजलं. एकशे त्रेचाळीसावा भाग सुरू झाला. दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात तिचा मला वेगळा निरोप आला.

‘शेजारणी, सगळ्यांत नको म्हणून तुला सांगते. दोन दिवस झाले, जबडा ओढतोय. आज डावा खांदापण. जिना चढले की दम लागतो. आपला नाही, घरचा. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले. म्हणाला, दात ठणठणीत आहेत, तुम्हाला पुरून उरतील.’

मी लिहिलं, ‘ताई, हे दाताचं नाही. आत्ता निघा आणि दवाखान्यात जा.’

‘आज गुरुवार.’

‘गुरुवार दर आठवड्याला येतो.’

‘हा नाही येत. हा सतरा वर्षांनी आलाय.’

‘मुलीला तरी कळवा.’



‘तिला नको. दिवसभर तिचे हात खळीत असतात. आणि ती म्हणेल, मालिका बघून बघून दुखतंय. उद्या जाईन मी. कोणाला सांगू नकोस, माझी शपथ आहे.’

मी जिन्यापाशी गेले आणि आईला फोन लावला.

“आई, कशी आहेस?”

“मजेत. तू या वेळी कशी? कामावर नाहीस?”

“आहे. सहज केला.”

“सहज? बरी आहेस ना?”

“मी बरी आहे. तुझं काय?”

“मला काय धाड भरलीये.”

तिच्यामागे घड्याळजीच्या दुकानातले टोले ऐकू येत होते. माझ्या टेबलावर तोच भाग चालू होता. मग तिनं आवाज बारीक केला. मला ऐकू जाऊ नये म्हणून.

“काही दुखतंबिखतं का?” मी विचारलं.

“या वयात काय दुखत नाही ते विचार. यादी लहान होईल.”

जबडा हा शब्द माझ्या जिभेवर होता. तो उच्चारला असता तर तिनं विचारलं असतं, तुला कोणी सांगितलं? आणि मग सहा वर्षं ती जिच्यापाशी मन मोकळं करत होती ती मीच, हे तिला कळलं असतं. माझ्याबद्दल ती जे जे बोलली होती तेही मी वाचलं आहे, हे कळलं असतं. जगात तिला एक मैत्रीण होती, ती मी तिच्या हातून काढून घेतली असती. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज मला वाटतं, मला फक्त लाज वाटत होती.

“उद्या सकाळी येते,” मी म्हणाले. “रजा टाकते.”

“शुक्रवारी? काय विशेष?”

“काही नाही. दोघी जाऊन येऊ कुठेतरी.”

“ये की. मलाही एका ठिकाणी जायचंच आहे.”

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. शेजारणीला मात्र तिनं त्यानंतरही लिहिलं. ‘लेकीचा फोन होता. न बोलावता उद्या येतेय. आनंदानं जबडा जरा बरा वाटतोय बघ.’

मी त्यावर लिहिलं, ‘छान.’ मग शब्दकोशाला खळ लावली, त्याचे दोन भाग जुळवले आणि प्रेसचं चाक घट्ट फिरवून घरी गेले.

सकाळी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. चष्मा डोळ्यांवर, टॅबलेट मांडीवर, त्याची बॅटरी संपलेली. बाहेर जायची साडी पलंगावर काढून ठेवली होती, नीट घडी केलेली. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळीच, सात-आठच्या सुमारास. हृदय. मी काही विचारलं नाही, तरी त्यांनी समजूत घातली. “ही पिढी दुखणं सांगत नाही हो. तुम्हाला कसं कळणार होतं?”

मी मान हलवली.

तिचा फोन माझ्याकडे आला. माझा नंबर तिनं ‘लेक, सातनंतर’ या नावानं ठेवला होता. कामात व्यत्यय नको म्हणून मीच तिला कधीतरी बजावलं होतं, सातनंतर कर.

पुढच्या गुरुवारी चारला मोजायला कोणी नव्हतं. गटात विचारणा सुरू झाली. पायरीताई कुठे? मास्तरांनी मला विचारलं, ‘शेजारणी, तुझं तिचं फार. तुला काही ठाऊक?’

मी लिहिलं, ‘नाही.’

या एका शब्दानं पुढचे तीन महिने माझी वाट अडवली. एकदा नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी हो म्हणणं अवघड, आणि महिन्यानं तर विचारूच नका. जाहिराती आल्या, पहिली झलक आली. नव्या धाकटीच्या नाकावरून दोन दिवस भांडण पेटलं. आणि मधूनमधून सगळे आईकडे वळायचे.

‘रुसली असेल. धाकटी बदलली म्हणून,’ कात्री.

‘लेकीनं नेली असेल तिच्याकडे. सारखी लेक लेक करायची.’ मास्तर.

‘मग लेकीनं टॅबलेट काढून घेतला असणार,’ उशिरा आलेला म्हणाला. ‘तिला आपला जिना आवडत नाही. पायरीताईनं एकदा सांगितलेलं.’

‘ती लेक मला एकदा भेटू दे. तिचे केस मी फुकट कापीन. कानांसकट.’

मी त्यावर हसण्याची खूण टाकली.

नवा पहिला भाग एका बुधवारी आला. जिनेकऱ्यांनी ठरवलं, कोणीही चोरून बघायचा नाही, गुरुवारी चार वाजताच. आणि या वेळी लिहायचं नाही, सगळ्यांनी आवाजानं जोडून घ्यायचं, कारण कात्रीच्या म्हणण्यानुसार तिची बोटं थरथरणार होती. मोजणार कोण यावर फार चर्चा झाली नाही. शेजारणीनं मोजायचं. पायरीताईच्या सगळ्यात जवळची तीच.

मी आईच्या घरी गेले. तिच्या खुर्चीत बसले. घर रिकामं करायचं म्हणून भांडी खोक्यांत भरली होती, पडदे काढले होते, त्यामुळे खोलीत माझाच श्वास मोठा वाटत होता. टॅबलेट तिचाच घेतला, पण ‘शेजारीण’ या नावानंच गटात शिरले. चारला दोन मिनिटं होती.

सहा वर्षं ज्यांना वाचत होते त्यांचे आवाज पहिल्यांदा ऐकले. मास्तरांचा अपेक्षेपेक्षा पातळ, दम्यानं अडखळणारा. कात्रीच्या मागे केस वाळवायच्या यंत्राची घरघर. उशिरा आलेल्यानं ट्रक कुठेतरी कडेला लावला होता. मोठ्या गाड्या जाताना ऐकू येत होत्या.

पडद्यावर पहिलं चित्र थांबलेलं होतं. थोरली आता पिकल्या केसांची. दार तेच. कडीवर हात.

“डाव्या हाताला आहे,” मास्तर म्हणाले. “चला, निदान कडी तरी राखली.”

“पायरीताई हवी होती,” कात्री म्हणाली. “कुठे जाऊन बसलीये बया. मोज गं शेजारणी.”

“आवाज येतोय ना तिचा?” उशिरा आलेल्यानं विचारलं. “शेजारीणबाई?”

“येतोय,” मी म्हणाले. “एक.”

मास्तरांनी घसा खाकरून घेतला.

“दोन.”

तीन म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. बाहेर जिन्यावरून कोणीतरी पिशव्या घेऊन वर चढत होतं, दर चार पायऱ्यांनी थांबत. आई अशीच थांबत असणार. त्या शेवटच्या दोन दिवसांत.

“काय झालं गं?” कात्री.

“पायरीताई रुसलेली नाही,” मी म्हणाले. “ती गेली. बातमी आली त्याच दिवशी, संध्याकाळी. मी तिची मुलगी.”

कात्रीच्या दुकानातलं यंत्र बंद झालं.

“त्या दिवशी चार वाजता तिनं मला सांगितलं होतं. जबडा ओढतोय, खांदा दुखतोय, दम लागतोय. मी लगेच फोन केला. आणि विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर तिला कळलं असतं, मी कोण ते. मला ते नको होतं.”

“थांब बाळ,” मास्तर म्हणाले. “मला नीट कळलं नाही. तिनं कोणाला सांगितलं होतं? तुला, की शेजारणीला?”

“एकच आहोत आम्ही.”

 उशिरा आलेल्याच्या ट्रकजवळून एक गाडी गेली, तिच्यामागून दुसरी. मी टॅबलेट उलटा करून मांडीवर ठेवला. आवाज चालूच होता, ते ऐकत होते. ऐकू देत.

“आई,” मी मोठ्यानं म्हणाले, “शेजारीण मीच गं. बाबांसाठी तू रडली होतीस, ते मला कळलं होतं. सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं.”